रुळांची वाट आणि व्याजाचा हिशेब

दिवाळीच्या वहीपूजनाला आपण नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर प्रथम तिथी लिहितो आणि मगच रकमा मांडू लागतो. तिथीवाचून रक्कम हा नुसता आकडा होय. तिचे व्याज कोठून मोजावयाचे हेच कळत नाही. सार्वजनिक बांधकामांच्या कागदपत्रांत मात्र याच्या उलट प्रकार आढळतो. तेथे रक्कम ठळक अक्षरांत असते, आणि तिथी अशी पुसट, की दर दोन-तीन वर्षांनी तिच्यावर नवी तिथी लिहिली तरी कोणाच्या लक्षात येऊ नये. या अंकात आम्ही ज्या विषयाची चर्चा करणार आहोत तो राजकारणाचा नसून निव्वळ जमाखर्चाचा आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो. सरकारे बदलली, मंत्री बदलले, तरी इंदूरच्या रेल्वेमार्गांची कहाणी फारशी बदललेली नाही; तेव्हा एकाच पक्षाला दोष देण्यात स्वारस्य नाही.

इंदूरमधील आपली मराठी वस्ती जुनी. होळकरांच्या राजवटीत दक्षिणेकडून जी घराणी येथे आली त्यांचे नातेसंबंध, सोयरिकी, देणीघेणी आणि तीर्थयात्रा यांचे तोंड आजही खानदेश, वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्याकडेच आहे. परंतु नकाशा उघडून पाहिला तर इंदुराहून सरळ दक्षिणेस जाणारा लोहमार्ग गेली कित्येक वर्षे तुटलेलाच दिसतो. मनमाडकडे जाणारा थेट मार्ग कधीच नव्हता. खंडव्यावरून अकोल्याकडे जाणारा जो होता, तो रुंदीकरणासाठी उखडला गेला आणि अद्याप पुरता जोडला गेलेला नाही.

हा दुसरा मार्ग कसा निर्माण झाला ते नव्या पिढीस ठाऊक असणे अगत्याचे आहे. इ.स. 1870 च्या सुमारास महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज दर साल शेकडा साडेचार आणि मुदत 101 वर्षांची. अट अशी, की या रकमेतून खंडव्यापासून इंदूरपर्यंत लोहमार्ग व्हावा. मार्गासाठी लागणारी संस्थानातील जमीनही महाराजांनी विनामूल्य दिली. 1874 मध्ये खंडवा-सनावद हा तुकडा सुरू झाला, 1876 मध्ये नर्मदेवरचा पूल खुला झाला, आणि चोरल व पाताळपाणीचा अवघड घाट चढून 1878 पर्यंत महू आणि इंदूर ही दोन्ही गावे खंडव्याशी, म्हणजे पर्यायाने मुंबईशी, जोडली गेली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनीही याच काळात इंदूरपासून नीमचपर्यंतच्या मार्गासाठी 75 लक्ष रुपयांचे कर्ज दिले, याचा आमच्या ग्वाल्हेरकर बंधूंना अभिमान वाटावा.

विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की हा व्यवहार सावकारी पद्धतीचा होता. मुद्दल किती, व्याज किती, मुदत किती आणि मोबदल्यात काय मिळणार, हे सर्व कागदावर होते. आणि काम संपेपर्यंत पैसा अपुरा पडणार नाही एवढी तरतूद आरंभीच झालेली होती. आठ वर्षांत, यंत्रांच्या आजच्या सोयी नसताना, शेकडा अडीच चढाचा घाट फोडून गाडी वर चढली. जुन्या काळाचे गोडवे गाण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्या घाटात किती मजूर दगावले याची दखल कोणी ठेवली असेल असे वाटत नाही. ज्यांची शेते गेली त्यांना विचारणारे कोणी नव्हते. वनांचे कायदे आजच्यासारखे नव्हते. आजच्या कामाला जो वेळ लागतो त्यातील काही वेळ न्यायासाठी लागतो, आणि तो लागलाच पाहिजे. प्रश्न उरलेल्या वेळेचा आहे.

पुढे स्वातंत्र्योत्तर काळात, 1960 च्या सुमारास, खंडवा ते हिंगोली हा मीटरगेजचा दुवा पूर्ण झाला आणि उत्तर व दक्षिण हिंदुस्थानातील छोट्या रुळांची जाळी एकमेकांस मिळाली. राजस्थानातून माळवा, निमाड, वऱ्हाड, मराठवाडा ओलांडून थेट हैदराबादेस जाता येऊ लागले. जयपूर ते काचीगुडा धावणारी मीनाक्षी एक्सप्रेस आमच्या हैदराबादकर वाचकांना आठवत असेल. कितीतरी पेढ्यांचे मुनीम, कितीतरी वऱ्हाडे आणि कितीतरी यात्रासंघ त्या एका गाडीने गेले. अकोला-पूर्णा मार्गावर वाशीम गाठावे आणि तेथून शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन घ्यावे, हा इंदूरकर जैन कुटुंबांचा ठरलेला क्रम होता. इकडे ओंकारेश्वर रोड स्थानकावर उतरले की सिद्धवरकूट जवळ. आणि घाटात कालाकुंड स्थानकावर गाडी थांबली, की पानाच्या द्रोणातला कलाकंद घेतल्यावाचून कोणी पुढे गेल्याचे आम्हास आठवत नाही. गाडी मंद होती, हे खरे. तथापि ती ज्या दिवशी सुटावयाची त्याच दिवशी सुटत असे.

2008 साली रतलाम-महू-खंडवा-अकोला या सुमारे 473 कि.मी. मार्गाच्या रुंदीकरणास मंजुरी मिळाली. खर्चाचा अंदाज 1,400 कोटींच्या घरात होता. निर्णय योग्यच होता. देशभर रुंद रूळ झाल्यावर मध्येच एक अरुंद पट्टी ठेवून मालवाहतूक होत नाही, प्रत्येक ठिकाणी माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो, आणि त्या चढ-उतारीत वेळ, हमाली आणि नुकसानी तिन्ही वाढतात. उत्तरेकडील काम त्या मानाने नीट झाले. 2014 मध्ये रतलाम ते इंदूर आणि 2016 मध्ये महूपर्यंत रुंद मार्ग आला. दक्षिणेकडे अकोला-पूर्णा तर 2008 मध्येच पूर्ण झाला होता. राहिला तो मधला भाग. म्हणजे दोन्ही टोके बांधली आणि मधली गाठ मारावयाची राहिली.

अकोल्याकडील छोटी गाडी 2017 च्या आरंभी थांबली. अकोला-अकोट हा लहानसा तुकडा रुंद होऊन 2022 च्या नोव्हेंबरात तेथे गाडी धावू लागली. त्यापुढे मात्र मेळघाट आडवा आला. जुना मार्ग व्याघ्रप्रकल्पातून सुमारे 39 कि.मी. जात होता. मंद गतीची, दिवसाकाठी मोजक्याच फेऱ्यांची छोटी गाडी वेगळी आणि वेगाने धावणाऱ्या मालगाड्या वेगळ्या. वन्य प्राण्यांचे जाणे-येणे तुटेल, असा आक्षेप वन्यजीवांच्या अभ्यासकांनी घेतला, प्रकरण न्यायालयात गेले, महाराष्ट्र शासनानेही मार्ग बदलावा असा आग्रह धरला, आणि अखेर अभयारण्याबाहेरून, सुमारे 30 कि.मी.चा वळसा घेऊन मार्ग न्यावा असे ठरले.

येथे आमच्या सभासदांत दोन मते आहेत आणि ती लपविण्याचे कारण नाही. काहींचे म्हणणे असे, की रूळ शंभर वर्षांचे नसले तरी साठ वर्षांचे जुने, वाघांनी त्यांच्याशी जुळवून घेतलेच होते. तीस किलोमीटरचा वळसा म्हणजे प्रत्येक पोत्यावर कायमचे भाडे. दुसऱ्यांचे म्हणणे, की जीवदयेचा उच्चार पर्युषणात करावयाचा आणि रुळांचा प्रश्न आला की ती गुंडाळून ठेवावयाची, हे जैन व्यापाऱ्यास शोभत नाही. आमचा कौल दुसऱ्या पक्षाकडे आहे. परंतु आमचा खरा प्रश्न निराळाच आहे. मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. तो 1970 च्या दशकापासून व्याघ्रप्रकल्प आहे. वन्यजीव संरक्षणाचा कायदा 1972 चा. मग 2008 मध्ये मंजुरी देताना हे वन काय ठाऊक नव्हते? जो वाद काम हाती घेण्यापूर्वी सहा महिन्यांत मिटविता आला असता, तो काम हाती घेतल्यावर बारा-तेरा वर्षांनी मिटला. या वर्षांचे व्याज वाघांच्या नावे लिहिणे अन्यायाचे होईल.

इकडे महू ते सनावद घाटातही तोच प्रकार. जुन्या घाटाचा चढ रुंद मार्गाच्या मालगाड्यांना पेलणारा नाही. म्हणून नवी, लांब वळणांची आखणी करणे भाग होते. ही गोष्ट भूमितीची आहे, तिला शोध लावावा लागत नाही. तरीही आखणी, पुन्हा आखणी, वनखात्याची अनुमती, निविदा, असे करता करता 2023 च्या आरंभी महूहून ओंकारेश्वर रोडकडे जाणारी छोटी गाडी बंद झाली, आणि 2024 संपले तरी घाटातील नवा मार्ग पुरा झालेला नव्हता. पाताळपाणी ते कालाकुंड एवढ्याच भागात सहलीची गाडी ठेवली आहे. ती 2018 पासून आहे. धबधबा पाहण्यास ती उत्तम, आम्हीही मुलाबाळांसह तीतून जाऊन आलो आहोत. मात्र तिच्यातून डाळीचे पोते सनावदला जात नाही.

आता दाहोदच्या मार्गाकडे वळू, कारण बडोद्याचे सभासद दरवर्षी त्याची चौकशी करतात. इंदूर-दाहोद हा सुमारे 205 कि.मी.चा नवा मार्ग. त्याची कोनशिला फेब्रुवारी 2008 मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या हस्ते बसली. आरंभीचा अंदाज 678 कोटींचा. तो पुढे 1,640 कोटींवर गेला. टिही आणि पीथमपूर यांच्या दरम्यान सुमारे 3 कि.मी.चा बोगदा आहे. त्याचे खोदकाम अर्धवट झाले, मग थांबले, आणि त्यात पाणी साचून राहिले. 2020 च्या मे महिन्यात, साथीच्या काळात, निधीअभावी या मार्गाचे काम स्थगित ठेवण्याचा आदेश निघाला. पुढे ते पुन्हा सुरू करण्यात आले. अर्ध्या बोगद्याचे भांडवल म्हणजे काय, हे व्यापाऱ्यास समजावून सांगावे लागत नाही. गिरणी बांधली, यंत्रे बसविली आणि वीजजोडणी राहिली, तर जेवढे घातले तेवढे सगळेच बिनव्याजी पडून राहते. आणि पाणी उपसण्याचा खर्च वर.

आमच्यातील एका सभासदाची हकिकत येथे सांगितली पाहिजे; नाव त्यांच्या इच्छेवरून देत नाही. एका नव्या मार्गाची घोषणा झाल्यावर नियोजित स्थानकापासून जवळच त्यांनी जमीन घेतली, बँकेचे कर्ज काढून वखार बांधली. हिशेब साधा होता: पाच वर्षांत मालधक्का होईल, सहाव्या वर्षापासून कर्ज फिटू लागेल. मालधक्का आला नाही. वखारीत दोन हंगाम गहू ठेवला, मग भाड्याने दिली, मग भाडेकरूही गेला. कर्ज त्यांनी फेडले, ते घरातील दागिने आणि थोरल्या मुलाच्या उमेदीची वर्षे खर्ची घालून. गेल्या वर्षी ते आम्हास म्हणाले, “घोषणा झाली नसती तर मी आज सुखात असतो. आणि मार्ग झाला असता तरी सुखात असतो.” याहून नेमकी टीका आम्ही कोणत्याही अहवालात वाचलेली नाही.

अहवालांतील आकडे पाहावयाचे तर तेही आहेत. केंद्र सरकारचे सांख्यिकी खाते दीडशे कोटी व त्याहून अधिक खर्चाच्या कामांची नोंद ठेवते. डिसेंबर 2023 च्या नोंदीप्रमाणे अशा 1,820 कामांपैकी 848 कामे मुदतीच्या मागे होती आणि 431 कामांचा खर्च अंदाजापेक्षा वाढला होता. ही वाढ एकूण 4.82 लक्ष कोटी रुपयांची. सरकार हे आकडे आपण होऊन छापते ही गोष्ट चांगली आहे. छापून पुढे काय करते, हे पाहावयाचे.

या रोगाचे निदान नवे नाही. 1920-21 मध्ये सर विल्यम ॲकवर्थ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने सांगितले होते, की रेल्वेसारखा व्यवसाय दरसालच्या अंदाजपत्रकाच्या खुंटीला बांधून चालत नाही. कारण जे काम पाच वर्षे चालावयाचे त्याचा पैसा दर 31 मार्चला संपतो आणि पुढच्या वर्षी किती येईल हे कोणास ठाऊक नसते. त्या शिफारशीवरून 1924 मध्ये रेल्वेचे अंदाजपत्रक वेगळे झाले. 2017 मध्ये ते पुन्हा सर्वसाधारण अंदाजपत्रकात मिळविण्यात आले. मधल्या ब्याण्णव वर्षांत वेगळे अंदाजपत्रक म्हणजे नव्या गाड्या आणि नवे मार्ग वाटण्याचा वार्षिक समारंभ होऊन बसले होते, म्हणून ते गेल्याचे आम्हास फारसे दुःख नाही. पण ॲकवर्थ साहेबांचा मूळ मुद्दा जागच्या जागी आहे. कित्येक मंजूर मार्गांपुढे अंदाजपत्रकात वर्षानुवर्षे केवळ एक हजार रुपयांची नाममात्र तरतूद दिसते. काम जिवंत आहे एवढेच दाखविण्यासाठी ती असते. एक हजार रुपयांत आज रुळाचा एक हातही येत नाही. दहा कामांना थोडे थोडे देण्यापेक्षा तीन कामे पुरी करावी हे किराणा दुकानदारासही समजते. पण दहा कामांच्या दहा कोनशिला असतात, आणि निवडणूक पाच वर्षांनी येते.

अर्थात कोनशिलेला हार घालण्यास आपणच पुढे असतो. आमच्या संघाने गेल्या कित्येक वर्षांत किती मंत्र्यांचे सत्कार केले ते जुन्या अंकांतील छायाचित्रांवरून कोणीही मोजावे. काम पूर्ण होण्याची तारीख लेखी मागितल्याचे छायाचित्र मात्र एकही नाही.

गोवा आणि बेळगाव भागातील सभासद येथे कोकण रेल्वेचा दाखला देतील, आणि तो देण्यासारखा आहे. 1990 मध्ये त्यासाठी स्वतंत्र महामंडळ झाले. केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ यांनी भांडवल घातले, उरलेला पैसा रोख्यांतून उभा केला. गोव्यात आखणीवरून वाद झाला, पेडण्याच्या बोगद्यात मऊ मातीने पुन्हा पुन्हा दगा दिला, ठरलेली मुदत टळली. तरीही 1998 मध्ये सुमारे 740 कि.मी.चा मार्ग राष्ट्रास अर्पण झाला. त्या कर्जाचा भार महामंडळास पुढे बराच काळ वाहावा लागला, हेही सांगितले पाहिजे. परंतु ज्याच्या अंगावर व्याज चढते तो काम थांबू देत नाही. तुकोजीरावांच्या कराराशी त्याचे साम्य आहे ते एवढेच.

मनमाडचा प्रश्न आम्ही शेवटी ठेवला, कारण तो आता पुन्हा आशेचा झाला आहे. 2018 च्या ऑगस्टमध्ये दोन्ही राज्ये, रेल्वे आणि जहाजवाहतूक खाते यांच्यात करार झाला: 362 कि.मी. मार्ग, खर्च सुमारे 8,575 कोटी. मुंबई आणि पुणे यांचे अंतर 171 कि.मी. कमी होईल असे त्या वेळी सांगण्यात आले. सहा वर्षे गेली. 2 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 309 कि.मी. मार्गास मंजुरी दिली. खर्च 18,036 कोटी आणि पूर्ततेचे वर्ष 2028-29. धुळे-नरडाणा हा टप्पा वेगळा धरलेला आहे, म्हणून लांबी कमी दिसते. सरासरी काढली तर पहिल्या अंदाजात दर किलोमीटरास सुमारे 24 कोटी पडत होते, दुसऱ्यात 58 कोटी पडतात. काही वाढ महागाईची, काही जमिनीची, काही आखणीतील सुधारणांची असेल. पण सहा वर्षे कागदावर राहण्याचा दर एवढा असू शकतो, हे तरी यावरून दिसते.

दरम्यान आपला माल आग्रा-मुंबई रस्त्यानेच जातो. मानपूरचा घाट, सेंधव्यापुढील बिजासनचा घाट; पावसाळ्यात एक ट्रक आडवा पडला की मागे मैलभर रांग, आणि बाजारात भाव उतरण्यापूर्वी पोहोचावयाचा माल भाव उतरल्यावर पोहोचतो. हे भाडे अखेर कोणाच्या खिशातून जाते? थोडे आपल्या, थोडे शेतकऱ्याच्या, आणि उरलेले त्या गृहिणीच्या, जी धुळ्यात इंदूरची तूरडाळ विकत घेते.

कार्यकारी मंडळाने यंदा असे ठरविले आहे, की मनमाड मार्गाच्या जमीन-संपादनाची, निविदांची आणि वार्षिक तरतुदीची नोंद एका स्वतंत्र वहीत ठेवावी. वही कार्यालयात राहील आणि कोणाही सभासदास पाहता येईल. त्याचबरोबर मालवाहतुकीचे खरे आकडे रेल्वेकडे पाठविणे आवश्यक आहे, कारण मार्गास प्राधान्य मिळते ते अपेक्षित मालावर. इंदूर, महू, सेंधवा, शिरपूर, धुळे आणि मालेगाव येथील सभासदांनी गेल्या तीन वर्षांत ट्रकने गेलेल्या मालाची महिनावार टनसंख्या, बिल्टीवरून काढून, महावीर जयंतीपूर्वी कार्यालयाकडे पाठवावी. भाड्याची रक्कम स्वतंत्र रकान्यात लिहावी. पेढीचे नाव न देताही आकडे चालतील.